भोंग्याची हाक

एका माणसाच्या बुडाखालचं स्टूल मी काढून घेतलं आणि त्याबद्दल मला कॉलेजात पहिलं बक्षीस मिळालं. प्रमाणपत्र अजून कपाटात आहे. ते फाडायची हिंमत माझ्यात नाही आणि भिंतीवर लावण्याइतकी मी निर्लज्जही नाही. तेव्हा त्या माणसाबद्दल जे ठाऊक आहे ते सरळ लिहून टाकते. तो मला आवडत नव्हता. आजही आवडत नाही. हे आधीच सांगितलेलं बरं, म्हणजे पुढे कुणी रुमाल शोधायला नको.

सरकारी दवाखान्यात सगळे त्याला भोंगा म्हणत. वय पन्नाशीच्या पुढे, उंची बेताची, मान जवळजवळ नाहीच. डोकं थेट खांद्यांवर ठेवल्यासारखं. धुऊन धुऊन विटलेला निळा शर्ट, कानामागे बोटभर उरलेली पेन्सिल, आणि छातीवरचा नावाचा बिल्ला कायम उलटा. आवाज मात्र असा, की हॉलच्या टोकाला पेंगणारा म्हातारा दचकून उठावा. पूर्वी तो भाजीबाजारात लिलाव पुकारायचा, असं बाकांवर बसणारे सांगत. तिथून इकडे कसा आला ते कुणाला माहीत नव्हतं आणि विचारायची कुणाची छाती नव्हती. त्याच्या तोंडाला लागायचं म्हणजे दगडावर डोकं आपटून घ्यायचं.

तळमजल्यावर लांबलचक हॉल होता. लोखंडी बाकांच्या रांगा, त्यामागच्या भिंतीवर वर्षानुवर्षं टेकलेल्या डोक्यांचे तेलकट डाग. समोर ओळीनं खोल्या: पाच नंबर डोळ्यांची, सहा हाडांची, सात कान-नाक-घशाची, आठ छातीची. नऊ नंबरचीही एक खोली होती, पण ती हॉलमधून दिसत नसे. एक्सरेच्या दारावरून पुढे बोळ वळायचा, त्या वळणापलीकडे कुठेतरी. मला तिकडे कधी जावं लागलं नाही.

भोंगा सकाळी आठला दारात उभा राहून येणाऱ्यांचे केसपेपर हातात घेई. एक नजर कागदावर, एक माणसावर, मग पेन्सिलनं कागदाच्या कोपऱ्यात काहीतरी खरडायचं आणि कागद गठ्ठ्यात सरकवायचा. मग हॉलच्या तोंडाशी लाकडी स्टुलावर बसून एकेकाला पुकारायचं. नावानं नाही. नावानं त्यानं कधीच कुणाला हाक मारली नाही.

"मोतीबिंदू, उठा. पाचमध्ये. भिंत धरून चालू नका, रंग नवा आहे."

"कंबर, सहामध्ये. आणि सोबत आलेली सून बाहेरच थांबू दे."

काहींना दुखण्याऐवजी वस्तूचं नाव मिळे. छत्री, कंगवा, तुटकी चप्पल. एकदा भारी कपड्यांतले एक गृहस्थ रांग सोडून पुढे आले आणि मनगट दाखवत वेळेवरून बोलू लागले. भोंग्यानं मान वर केली नाही. "सोनेरी घड्याळ, खाली बसा. इथे वेळ माझी चालते." सगळा हॉल हसला. मीही हसले असते, पण तोवर माझं आणि त्याचं वाजलं होतं.

मी तिथे जायची ती आत्यासाठी. कॉलेजसाठी मी आत्याकडेच राहते. चाळीस वर्षं पायमशीनवर शाळेचे गणवेश शिवून तिचा उजवा गुडघा कामातून गेला आहे. दर सोमवारी तिला शेक आणि तपासणी असे. वाट बघताना मी अभ्यास करत बसे, मांडीवर वही घेऊन. पहिल्याच सोमवारी डोक्यावरून आवाज आला, "ए वही, पाय आत घे. लोकांना जायचंय."

"मला नाव आहे," मी म्हटलं.

"असेल की. चोरीला गेलं असं कोण म्हणालं? पाय घे आत."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्यातच त्यानं "गुडघा, सहामध्ये" असा पुकारा केला आणि माझी आत्या, जिच्या हातचे कपडे घालून अर्ध्या गावातली पोरं शाळेत गेली, ती "हो, आले" म्हणत निमूट उठली.

परत येताना मी तिला खूप ऐकवलं. तू माणूस आहेस की सांधा, असं विचारलं. आत्या कठड्याला टेकून दम खात म्हणाली, "अगं, मला नावानं हाक मारतंय कोण? तू आत्या म्हणतेस, शेजारची काकू म्हणते, शाळेतले शिलाईवाल्या बाई म्हणतात. माझं नाव तर मीच विसरायला आलेय. गुडघा म्हणाला तर खोटं काय बोलला? आज गुडघ्याशिवाय माझ्यात दुसरं काय चालू आहे?"

"तुझा अपमान झालाय आणि तुला कळतही नाही."

"मला कळत नाही, तर तो माझा कसा झाला? तुझाच असेल." मग पाय उचलत म्हणाली, "चल. पोळ्या व्हायच्यात अजून."

त्या वर्षी आम्हाला मानवी हक्कांचा पेपर होता. शिकवणाऱ्या बाई फार पोटतिडकीनं शिकवत. माणसाची प्रतिष्ठा हा शब्द आला की त्यांचा आवाज भरून येई. वर्गात शंभरावर पोरं, त्यामुळे त्या आम्हाला हजेरीच्या नंबरानं ओळखत. मी सदतीस. "सदतीस, प्रतिष्ठेची व्याख्या सांग," असं त्या म्हणायच्या आणि मी उभी राहून सांगायची. यात काही गंमत आहे हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ शोधायला मी निघाले होते, माझ्या डोळ्यातल्या मुसळाकडे बघायला वेळ कुठला.

बाईंनी निबंध दिला: रोजच्या जगण्यात दिसलेलं हक्कांचं एक उल्लंघन शोधा आणि माणूस असणं म्हणजे काय ते त्यातून मांडा. इतर पोरी ग्रंथालयात पुस्तकं धुंडाळू लागल्या. मला गरज नव्हती. माझं उल्लंघन दर सोमवारी स्टुलावर बसून माझ्यावर ओरडत होतं.

चार सोमवार मी त्याच्यावर पाळत ठेवली. दुसरा शब्द नाही त्याला. वही मांडीवर, नजर त्याच्यावर, वेळेसकट नोंदी. किती जणांना त्यानं अवयवाचं नाव दिलं, किती जणांना वस्तूचं. सरकारी कागदांवर तो पेन्सिलनं चित्रं काढतो हेही टिपलं. एक कागद खाली पडला तेव्हा कोपऱ्यात इवलीशी छत्री मला स्पष्ट दिसली होती. बिल्ला उलटा. आणि मोठा शोध म्हणजे तो लोकांची दिशाभूल करत होता. दर सोमवारी सात-आठ जणांना तो "एक्सरेकडे" असं सांगून बोळात पाठवी, आणि त्यातलं एकही माणूस हातात फिल्म घेऊन परत येत नसे. त्यांत एक बाई होती, तिशी ओलांडलेली, हिरवी कापडी पिशवी छातीशी धरून कोपऱ्यात बसायची. "पिशवी, एक्सरेकडे," असं भोंगा म्हणाला की ती उठायची. चारही सोमवार तिला एक्सरेकडे पाठवलं आणि चारही सोमवार ती नुसती पिशवी घेऊन परत आली. माणसाला चारचारदा हेलपाटे घालायला लावतात, आणि ती बिचारी हूं की चूं करत नाही, असं मी लिहिलं. बिचारी हा शब्द मला तेव्हा फार आवडे.

शेवटची नोंद अशी होती: दर सोमवारी साडेअकराला हा इसम स्टूल सोडून जातो आणि वीस मिनिटांनी येतो. त्या वेळात हॉल वाऱ्यावर.

मी एकदा त्याला तोंडावर विचारलंही होतं. "त्या पिशवीवाल्या बाईंना दर वेळी एक्सरे कशाला?"

त्यानं माझ्याकडे असं बघितलं, जसं अंगणात आलेल्या परक्या कुत्र्याकडे बघावं. "तू डॉक्टर आहेस?"

"नाही."

"तिची कुणी आहेस?"

"नाही, पण—"

"मग उचलली जीभ लावली टाळ्याला. जा, बस तिकडे. वही लिही."

मी लिहिली. नाव हाच माणसाचा पहिला हक्क, असं निबंधाचं शीर्षक. नाव काढून घेतलं की माणसाची वस्तू होते, वस्तू झाली की तिला कुठेही ढकलता येतं, वगैरे. वाक्यं चांगली होती, आजही चांगलीच आहेत. बाईंनी निबंध वर्गात वाचून दाखवला, त्याला पहिलं बक्षीस दिलं, आणि म्हणाल्या, हे नुसतं कागदावर राहता कामा नये. कॉलेजच्या पत्रासोबत, माझ्या नोंदी जोडून, त्यांनी तो दवाखान्याच्या अधीक्षकांकडे तक्रार म्हणून पाठवला. भोंग्याचं खरं नाव मी दवाखान्याच्या फलकावरच्या कर्मचाऱ्यांच्या यादीतून शोधून काढलं होतं. ते तक्रारीत तीनदा आलं, वडिलांच्या नावासकट.

आणि माझं? माझं नाव काढा, असं मी बाईंना सांगितलं. आत्याचे उपचार तिथेच चालू आहेत, उगाच कुणी डूख धरायला नको. बाईंना ते पटलं. तक्रारीखाली "एक विद्यार्थिनी" एवढंच गेलं. नावाच्या हक्काची तक्रार निनावी. हे लिहिताना मला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते, पण तेव्हा ते मला व्यवहारी वाटलं होतं.

दीड महिन्यानंतरच्या एका सोमवारी आत्या आणि मी हॉलमध्ये शिरलो तर स्टूल जागेवर नव्हतं. भिंतीवर नवा कोरा लाउडस्पीकर होता आणि काचेमागे एक मुलगी माइक घेऊन बसली होती. सगळ्या कर्मचाऱ्यांचे बिल्ले सुलटे. मी आत्याला कोपरानं ढोसलं. स्पीकर खरखरला आणि आत्याचं नाव आलं, पूर्ण नाव, वय वर्षं साठ, खोली नंबर सहा, अस्थिरोग विभाग. आत्या बसूनच राहिली. तिला कळलंच नाही. मी हलवलं तेव्हा म्हणाली, "अगंबाई, मी होय?" आणि लंगडत गेली. माझी छाती अशी फुगली होती, की ती बघायला आठ नंबरमध्येच पाठवायला हवं होतं.

पिशवीवाली बाई नेहमीच्या कोपऱ्यात होती. तिच्या मागच्या बाकावर एक तरुण आई बसली होती, मांडीवर चार-पाच वर्षांचं पोर, हाताला प्लॅस्टर.

स्पीकरमधून एका बाईचं नाव आलं. नाव, वडिलांचं नाव, आडनाव. वय चौतीस. खोली नंबर नऊ, मनोविकार विभाग.

कुणी उठलं नाही. मुलीनं पुन्हा पुकारलं, जरा मोठ्यानं. हॉलमधले लोक इकडेतिकडे बघू लागले. वेड्यांच्या खोलीत कोण जातंय ते बघायला कुणाला आवडत नाही? तिसऱ्यांदा पुकारलं तेव्हा माझी नजर त्या कोपऱ्यावर होती, आणि पिशवीवर धरलेली तिची बोटं पांढरी पडलेली मला दिसली. मला तेव्हाच कळलं.

मागचं पोर बाकावर उभं राहिलं आणि आनंदानं ओरडलं, "आई, बघ! आमच्या पाळणाघरातल्या मावशी! त्यांचंच नाव आहे ते!"

त्या आईनं पोराला खाली ओढलं. आधी पिशवीवाल्या बाईकडे बघितलं, मग बोळाच्या तोंडाशी नव्यानं लावलेल्या नऊ नंबरच्या पाटीकडे, आणि मग पोराला कुशीत घट्ट घेतलं. पिशवीवाली बाई उठली. मला वाटलं बोळात जाईल. ती दाराकडे गेली आणि पायऱ्या उतरून निघून गेली. नंतरच्या एकाही सोमवारी ती मला दिसली नाही. त्या पाळणाघराच्या पोरांचे एप्रन आत्याच शिवते. पंधरा दिवसांनी माप घेऊन आली तेव्हा म्हणाली, "तिथे नवीन मावशी ठेवल्यात." माझ्याकडे बघून म्हणाली, आणि मशीनवर बसली.

एक्सरेचं दार आणि नऊ नंबरचं दार एकाच बोळात. एक्सरेकडे म्हटलं की हॉलमधल्या कुणाच्या मनात काही येत नाही. हाड मोडल्याची लाज कुणाला वाटते? गुडघा, कंबर, मोतीबिंदू. जी दुखणी चारचौघांत ओरडली तरी चालतात तीच भोंगा ओरडायचा. बाकीच्यांना वस्तूंची नावं, आणि संशय नको म्हणून अधूनमधून डोळेवाल्यांनाही. माणूस ओळखू यावा म्हणून कागदाच्या कोपऱ्यात चित्र. आणि हे सगळं झाकायला तो उद्धटपणा, म्हणजे लोकांना वाटावं, हा मेला सगळ्यांनाच असा बोलतो. उद्धट तो होताच. त्यासाठी त्याला नाटक करावं लागत नव्हतं. पण त्या उद्धटपणाला त्यानं कामाला लावलं होतं.

नाव सांगायचा हक्क असतो तसा न सांगायचाही असतो. हे काही मला दवाखान्यानं शिकवलं नाही. ते आमच्या पुस्तकातच होतं, खासगीपणाच्या प्रकरणात. मी ते पान परीक्षेसाठी पाठ केलं होतं आणि त्यावर मला पैकीच्या पैकी गुण होते.

भोंगा कुठे गेला, ते मी हॉल पुसणाऱ्या मावशींना विचारलं. मावशी फडकं बादलीत पिळत हसल्या. "तुला ठाऊक नाही? अगं, भोंगा स्वतःच नऊ नंबरचा निघाला."

चौकशीच्या दिवशी पाणी द्यायला त्या आत गेल्या होत्या. टेबलामागे तीन साहेब, समोर भोंगा उभा. नावानं हाक का मारत नाही, या प्रश्नावर त्यानं सांगितलं, माझी पद्धत आहे. चित्रं का काढतोस? पद्धत आहे. एक्सरेला का पाठवतोस? पेशंटांबद्दल तो एक अक्षर बोलला नाही. मग साहेबांनी माझी शेवटची नोंद वाचली. दर सोमवारी साडेअकरा ते बारा वाजायला दहा कमी, कुठे असतोस? दुसऱ्यांदा विचारलं, तरी गप्प. उत्तर दिलं नाहीस तर कामावर गैरहजर धरून घरी पाठवू, असं म्हटल्यावर त्यानं शर्टाच्या आतून घडी घातलेला केसपेपर काढला आणि टेबलावर ठेवला. अकरा वर्षांचा कागद. नऊ नंबरचा.

"लिलाव पुकारताना म्हणे एकदा तोंड उघडलं ते उघडंच," मावशी सांगत होत्या. "आवाज फुटेना. अर्धा तास तसाच उभा. भाजीवाले हसून हसून लोळले. तेव्हापासून गोळ्या. बायको माहेरी गेली ती गेलीच. इथे कुणाला वास लागू दिला नाही बघ. आणि त्याच्या कागदाच्या कोपऱ्यात चित्र कसलं, सांग? स्टूल! साहेबसुद्धा हसले." मावशींनी फडकं पुन्हा फरशीवर टाकलं. "आता सगळे त्याला नऊ म्हणतात. मागच्या बाजूला, जुन्या केसपेपरांच्या खोलीत टाकलंय. वेड्या माणसाला लोकांसमोर कसं बसवायचं? आणि ती तक्रारवाली सापडू दे एकदा. तिच्यापायी आमचा चहा बंद झाला, तासातासाला सह्या. वॉर्डबॉय शोधतायत तिला."

मी पाय आत घेतले.

बाईंना मी सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "वाईट झालं. पण उद्देश चांगला होता ना आपला? तेवढं मनाला लावून घेऊ नकोस, सदतीस." आत्याला सांगितलं तेव्हा तिनं मशीन थांबवलं नाही. टीप पूर्ण केली, दोरा दातानं तोडला आणि म्हणाली, "मला रडून दाखवू नकोस. माझं काही गेलं नाही. ज्याचं गेलं त्याच्यासमोर जाऊन उभी राहा." मला तिचाही राग आला. खरं सांगायचं तर त्या दिवसांत मला सगळ्यांचाच राग येत होता, कारण तो एका जागी ठेवला असता तर माझ्यावरच आला असता.

मी माफीचं पत्र लिहिलं. तक्रारीतल्या नोंदी माझ्या होत्या, त्या चुकीच्या होत्या, असं स्पष्ट लिहिलं आणि खाली पूर्ण नाव, वर्ग, पत्ता. या वेळी लपायचं नाही, असं ठरवलं होतं. पत्र त्याच्या हातात द्यायचं, तो म्हणाला तर अधीक्षकांकडे न्यायचं.

जुन्या केसपेपरांची खोली इमारतीच्या पाठीमागे होती, धोबीघराला लागून. भिंतीत एक खिडकी, तिला गज, आत छतापर्यंत बांधलेले गठ्ठे आणि दिवसाही चालू असलेला एक पिवळा दिवा. बाहेर जुने कागद मागणाऱ्यांची रांग, आणि शेजारच्या बाकावर दोन वॉर्डबॉय, थर्मासमधला चोरून आणलेला चहा पीत. "ए नऊ," त्यातला एक खिडकीत ओरडला, "गोळी घेतलीस का रे आज?" दुसरा हसला.

माझा नंबर आला. तो बसला होता, पण स्टुलावर नाही, एका उलट्या खोक्यावर. पेन्सिल कानामागे होती. बिल्ला सुलटा होता, आणि त्यावरचं नाव मी तीनदा लिहिलेलं नाव होतं. त्यानं माझ्याकडे बघितलं आणि मला ओळखलं. नोंदी कुणाच्या ते त्याला चौकशीच्या दिवसापासून ठाऊक असणार. त्याच्यासमोर चार सोमवार वही उघडून दुसरं कोण बसलं होतं?

मी पत्र गजांतून आत सरकवलं.

त्यानं घडी उलगडली आणि पत्र वाचलं. सावकाश, पहिल्या ओळीपासून खालच्या पत्त्यापर्यंत. मग पुन्हा एकदा. त्याचा आवाज मला माहीत होता. माझं नाव त्यानं नुसतं वाचलं असतं तरी धोबीघरापर्यंत गेलं असतं.

बाकावरचा वॉर्डबॉय पेला खाली ठेवून उठला. "काय रे नऊ, कसलं पत्र? कॉलेजची दिसतेय. ती तक्रारवाली तर नाही?"

रांगेतले लोक माझ्याकडे बघू लागले. मी गज धरले होते. मी हो म्हणायला हवं होतं. त्यासाठीच तर आले होते, पूर्ण नावानिशी. माझं तोंड उघडलं आणि आवाज फुटला नाही.

"एक्सरे," भोंगा म्हणाला. "जुना एक्सरे शोधायचाय हिला."

वॉर्डबॉय परत बसला. भोंग्यानं कानामागची पेन्सिल काढली, पत्राच्या कोपऱ्यात दोन रेघा ओढल्या, वर एक छोटी चौकट, म्हणजे स्टूल, आणि पत्र एका बांधलेल्या गठ्ठ्याच्या पोटात खोल सरकवून दिलं. तिथून ते आता कुणालाही सापडणार नव्हतं. अधीक्षकांना नाही, वॉर्डबॉयला नाही, मलाही नाही. मग त्यानं माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत माफी नव्हती. होता तो स्वच्छ, अकरा वर्षं सांभाळून ठेवल्यासारखा तिरस्कार, आणि तो फक्त माझ्यासाठी होता.

"तुम्ही मला—" मी कसंबसं म्हटलं.

"वही, बाजूला व्हा," तो म्हणाला. "मागे माणसं उभी आहेत."